आखूड होत जाणारे खांब

यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर अंतराचा भास निर्माण करण्याची रेखनपद्धती, तेरा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यांसमोर प्रथम येते तेव्हा अडचण हाताची नसून ज्ञानाची असते. लांब व्हरांड्याचे सर्व खांब सारख्याच उंचीचे आहेत हे ठाऊक असल्यामुळे दूरचा खांब आखूड काढणे त्यांना खोटेपणाचे वाटते. हा संकोच घाईने मोडण्याजोगा नाही. क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीची रेषा, आणि लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जेथे मिळाल्यासारख्या भासतात ते स्थान, या संज्ञा फळ्यावर पट्टीने आखून देता येतात. परंतु विद्यार्थी जमिनीवर बसला की क्षितिजरेषाही त्याच्यासोबत खाली उतरते, आणि समोरचा व्हरांडा प्रत्येकाला निराळा दिसतो या जाणिवेत नवलाबरोबर किंचित एकटेपणही असते, ज्याची दखल अभ्यासक्रम सहसा घेत नाही.

इटलीतील आल्बेर्ती याने १४३५ च्या सुमारास ही रीत ग्रंथबद्ध केली, तेव्हा एकच स्थिर डोळा गृहीत धरला होता. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तसा धरला नाही. त्यांचे मंडप आणि स्तंभ एकाच भिंतीवर अनेक बाजूंनी पाहिलेले आहेत, आणि त्यामुळे कथा सांगताना त्यांचे कोठेही अडलेले दिसत नाही.