एका मागाचा ट्रॅक

वहीच्या पहिल्या पानावर मी नियम लिहून ठेवला होता. या ट्रॅकमध्ये जे काही वाजेल ते एकाच यंत्रमागाचं असेल. ड्रम मशीन घ्यायचं नाही, सिंथ घ्यायचा नाही, तयार सॅम्पल वापरायचे नाहीत, कुणाच्या गाण्यातला तुकडा उचलायचा नाही. मागाचा आवाज कापायला, ताणायला, उलटा करायला, त्याची पट्टी बदलायला, त्यातलं नको ते गाळायला मोकळीक. बाहेरची एक टाळीसुद्धा आत येऊ द्यायची नाही. आणि जे तयार होईल त्यावर लोकांना नाचता आलं पाहिजे. हे शेवटचं कलम सगळ्यांत जड. यंत्रांचे आवाज जोडून काहीतरी संथ आणि गूढ करणं त्या मानाने सोपं असतं. नाचणाऱ्याचे पाय मात्र काहीही चालवून घेत नाहीत.

मी पुण्यात जाहिराती आणि वेब मालिकांसाठी ध्वनिसंकलन करते आणि रात्री स्वतःसाठी टेक्नो. माझ्या हार्ड डिस्कवर नुसत्या किकचे, म्हणजे पोटात बसणाऱ्या त्या मुख्य ठोक्याचे, हजारो नमुने पडून आहेत. नवा ट्रॅक सुरू करायचा म्हटलं की अख्खी संध्याकाळ किक निवडण्यात जायची. निवडता निवडता कान बोथट होतो. पुढचा नमुना ऐकेपर्यंत मागचा कसा होता तेच आठवत नाही. माझे ट्रॅक स्वच्छ असायचे, वेळेत असायचे. पण ते बर्लिनमधल्या किंवा बंगळुरातल्या कुणीही केले असते तरी चाललं असतं. मला तेच खुपत होतं.

स्वतःला असं बांधून घेणारी मी काही पहिली नव्हे. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफेरने आगगाडीच्या आवाजांतून एक रचना केली होती, तीही टेपच्या आधी, तबकड्यांवर. इंग्लंडच्या मॅथ्यू हर्बर्टने २००० साली स्वतःसाठी एक जाहीरनामाच लिहिला: ड्रम मशीन नको, आधीपासून अस्तित्वात असलेले आवाज नकोत, दुसऱ्याच्या संगीताचे सॅम्पल नकोत. तोच माणूस हाऊस संगीतात अव्वल दर्जाचं काम करत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या मॅटमॉस या जोडीने २०१६ मध्ये त्यांच्या घरच्या वॉशिंग मशीनच्या आवाजावर अख्खा अल्बम केला, आणि त्याची लांबी ठेवली धुण्याच्या एका फेरीएवढी, ३८ मिनिटं. आपल्याकडचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, समोर मांडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. शिकागोत अॅसिड हाऊस जन्माला यायला तेव्हा काही वर्षं अवकाश होता. तीन यंत्रं, दहा राग, एक ठेका. मर्यादेचा इतका सुंदर उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही.

मी माग निवडला कारण माझं आजोळ इचलकरंजीचं आणि माझा मामा जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. माग रुसला की त्याला हाक जाते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी, नारायणराव घोरपडे जहागीरदारांच्या पाठबळाने, गावात पहिला यंत्रमाग आणला. पुढे गल्लोगल्ली माग झाले. सुट्टीत आजोळी गेले की रात्री झोप लागायची ती या आवाजातच. आता धोट्याचे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्यावर चालणारे, साधे माग भंगारात जातात आणि त्यांच्या जागी रॅपियर आणि एअरजेट येतात. त्यांत धोटा नसतो. कापड जास्त निघतं, चांगलं निघतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धोट्याबरोबर तो आवाज जातो.

चालू कारखान्यात एका मागाचा आवाज वेगळा काढता येत नाही. सगळ्या मागांची मिळून एक भिंत उभी असते. म्हणून मामाने मालकांना विचारून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकच माग चालवण्याची परवानगी मिळवली. मी मागाच्या लोखंडी सांगाड्याला, मोटरच्या बुडाला आणि धोट्याच्या पेटीला पिएझोच्या चकत्या चिकटवल्या. या चकत्या हवेतला आवाज जवळपास घेतच नाहीत, त्या धातूची आणि लाकडाची थरथर घेतात. एक साधा रेकॉर्डर थोडा लांब, उंचावर ठेवला. मामाने हँडल ओढलं. रिकाम्या शेडमध्ये एकटा माग ऐकणं माझ्यासाठी नवीन होतं; लहानपणापासून ऐकलेल्या त्या भिंतीतली ही एक वीट.

मग मी घरी येऊन ते रेकॉर्डिंग संगणकावर उघडलं आणि मोठं करून बघितलं. मागाच्या मुख्य दांड्याच्या एका फेऱ्यात एक पिक होतो, म्हणजे आडवा धागा एकदा टाकला जातो. या फेऱ्यात तीन मोठे आवाज असतात. पहिला, फणी पुढे येऊन नुकताच टाकलेला धागा कापडाला ठोकते. साधारण पाव फेरा झाला की धोट्याला फटका बसतो. आणि पाऊण फेऱ्याच्या आसपास धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो. एका मात्रेचे चार भाग केले तर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भागावर आवाज, तिसरा मोकळा. हा ठेका आहे! कुणी बसवलेला नाही, धोट्याला कापडाच्या रुंदीइतकं अंतर कापायला जो वेळ लागतो त्यातून तो आपोआप पडलेला आहे. माग चालत होता मिनिटाला १३० पिकांच्या आसपास. टेक्नोचा वेगही साधारण १२५ ते १४०. म्हणजे गती आणि ठेका, दोन्ही मला तिथेच मिळाले.

अजून एक गोष्ट मिळाली, जी मी शोधत नव्हते. धोटा एकदा डावीकडून सुटतो, एकदा उजवीकडून. दोन्ही बाजूंचा फटका कधीच तंतोतंत सारखा नसतो. उजवीकडचा किंचित उशिरा येत होता आणि आवाजाला थोडा बोदा होता. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की प्रत्येक ठोका आखलेल्या रेघेवर जाऊन बसतो. मी ते दाबून पाहिलं आणि लगेच काढलं. रेघेवर बसवलेला माग मेल्यासारखा वाजत होता. डावं-उजवं, डावं-उजवं असा जो झोल होता त्यानेच मान हलत होती. मग मी उलटं केलं. रेघा पुसल्या आणि मागाचं स्वतःचं माप घेऊन बाकीचे सगळे आवाज त्यावर बसवले.

किक मात्र छळत राहिली. नाचायच्या संगीतात ती ५०-६० हर्ट्झच्या घरात छातीला लागावी लागते. फणीच्या ठोक्यात कणखरपणा होता, खाली पोट नव्हतं. त्याची पट्टी दोन सप्तकं खाली आणली तर तो चिखलासारखा पसरायचा. सिंथमधून एक साधी ५० हर्ट्झची लहर त्याच्याखाली सरकवली असती तर कुणालाही कळलं नसतं, सगळे तसंच करतात. नियम मोडायचा नाही म्हणून मी पुन्हा रेकॉर्डिंग ऐकत बसले आणि मोटरपाशी थांबले. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरच्या गुणगुणीत ५० आणि त्याच्या पटीतल्या कंपनसंख्या असतात. मी बाकी सगळं गाळून फक्त ५० ची गुणगुण ठेवली, तिला क्षणभर वरून खाली घसरवलं, मग झपाट्याने मिटवलं, आणि तिच्या तोंडाशी फणीचा ठोका जोडला. ती माझ्या आजवरच्या कामातली सगळ्यांत चांगली किक आहे, हे मी ठामपणे सांगते.

त्या गुणगुणीनेच ट्रॅकची पट्टीही ठरवली. ५० हर्ट्झ हा स्वर बाजाच्या पेटीवर सापडत नाही. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे, पांढरी पाचच्या जरा जवळ तो येतो. त्याची तिप्पट १५०, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट २५०, म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातला गंधार. तानपुऱ्यात हा गंधार ऐकायला कान तयार करावा लागतो, इथे मला तो फिल्टर फिरवून वर काढावा लागला. सा, प आणि मधूनच उमटणारा ग: माझी बेसलाइन आणि वरचा सूर यांच्याबाहेर गेले नाहीत. हाय-हॅटसाठी धोटा धाग्यांवरून सरकतो तेव्हाची वरची खसखस घेतली.

घुमाराही शेडचाच हवा होता. माग बंद असताना मामाने लाकडाचे दोन जुने धोटे एकमेकांवर आपटले, ते मी रेकॉर्ड केलं. त्या एका आवाजाच्या शेपटीवरून सॉफ्टवेअर त्या जागेचा घुमारा कोणत्याही आवाजाला देऊ शकतं. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, सगळं त्यात येतं. एरवी आपण टेक्नोला युरोपातल्या चर्चचा किंवा तळघराचा घुमारा सवयीने लावतो. त्याऐवजी पत्र्याचा तो कडक, तुटक परतावा आल्यावर ट्रॅक इचलकरंजीत येऊन उभा राहिला.

आता मांडणी. डान्स ट्रॅकमध्ये मध्यावर किक थांबते, सगळं मोकळं होतं आणि मग ती परत येते. ही जागा कुठे आणायची यावर मी एरवी खूप डोकं खपवते. इथे रेकॉर्डिंग चालू असतानाच आडवा धागा तुटला आणि माग आपोआप थांबला. धागा तुटला की थांबावं अशी त्यात सोयच असते. मोटर मात्र गुणगुणत राहिली. मामाने धागा लावून पुन्हा हँडल ओढलं. मी ती जागा जशीच्या तशी ठेवली. आणि धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली तिथे ट्रॅक संपवला. त्या सुताची कांडी सहा मिनिटांच्या आसपास पुरत होती, आणि क्लबमध्ये वाजणारा ट्रॅकही साधारण तेवढाच असतो.

मामाला ऐकवायचं ठरवलं तेव्हा मला धास्ती होती. आयुष्यभर मागांत काढल्यावर त्याला कमी ऐकू येतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९५-१०० डेसिबलवर सहज जातो, आणि आपल्या कारखाना नियमांत ९० डेसिबलची मर्यादा आहे आठ तासांसाठी. कामगार तिथे खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. ज्या आवाजाने माणसाचे कान घेतले त्यावर आपण नाच करावा का, हा प्रश्न मी मामालाच विचारला. तो म्हणाला, "आमी काय रडत हुतो व्हय तितं? गानी म्हनायचो की. कुनाला ऐकू येत न्हवतं, एवढंच."

मग त्याने हेडफोन लावले, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "उजव्या बाजूचा पट्टा ढिला झालाय गं ह्येचा. मालकास्नी सांगायला पायजे." जो झोल मी जपून ठेवला होता तो हाच. एवढी काटछाट, एवढे फिल्टर होऊनही त्याला माग ओळखू आला, बिघाडासकट. माझ्या कामाला याहून मोठी पावती नको.

पुण्यात एका छोट्या जागेत मी तो ट्रॅक वाजवला. दाराशी कानात घालायचे बोळे ठेवले होते आणि ते घालाच अशी विनंती लिहिली होती, कारण क्लबमधला आवाज शेडमधल्या आवाजापेक्षा कमी नसतो. लोक नाचले. धागा तुटतो तिथे थांबले, हात वर करून वाट पाहत राहिले, आणि हँडलच्या खडाक आवाजाबरोबर पुन्हा सुटले. नंतर मालेगावचा एक मुलगा भेटला. "ताई, हा साधा माग आहे ना?" त्याने विचारलं. त्याच्या घरचे माग नुकतेच विकले गेले होते.

माझी सगळ्या वाचकांना विनंती आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, विटा, कुठेही तुमच्या ओळखीत धोट्याचा माग चालू असेल तर तो रेकॉर्ड करा. फोन चालेल. सुट्टीच्या दिवशी एकटा माग चालवायला सांगा, कामगारांना आणि मालकांना आधी विचारा, आवाजाची पातळी कमी ठेवा म्हणजे ठोके फाटणार नाहीत, फाइल शक्यतो डब्ल्यूएव्ही ठेवा. सुरू होतानाचा आणि थांबतानाचा आवाज नक्की घ्या. मागाचं वय, सुताचा नंबर, आणि त्यांची हरकत नसेल तर चालवणाऱ्याचं नाव फाइलबरोबर लिहून ठेवा. कानात बोळे घाला. त्यातून संगीत करायचं की नाही ते पुढचं पुढे. भंगाराची गाडी येण्याआधी हे एवढं करून ठेवा.