डॉक्टरांचा पीएफ कोणी भरायचा?

पीएफ नाही म्हणून तुम्ही नोकर नाही, आणि नोकर नाही म्हणून तुम्हाला पीएफ नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मानधनावर काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांचे म्हातारपण या एका वाक्यात अडकले आहे, आणि ते मला आजही पचत नाही. सकाळी एखाद्या रुग्णालयात ठरलेल्या तासांची ड्यूटी, दुपारी नर्सिंग होमच्या व्हिजिट, संध्याकाळी स्वतःची ओपीडी, हा इकडचा सर्रास दिनक्रम. भूलतज्ज्ञ तर एका दिवसात कल्याण, उल्हासनगर आणि बदलापूर करतात. पगार असेल तिथे टीडीएस कलम 192 खाली, मानधन असेल तिथे 194जे खाली 10 टक्के. (कलमांचे क्रमांक 1961 च्या कायद्यातले देतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा आला असला तरी आमच्या आणि सीएंच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत.)

पुण्यात रुबी हॉल क्लिनिक चालवणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनचा खटला या संदर्भात प्रत्येक डॉक्टरने समजून घ्यावा. तिथले मानधनावरचे डॉक्टर रुग्णालयाचे नोकर आहेत, तेव्हा त्यांचा कर पगाराच्या कलमाखाली कापायला हवा, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचे अपील फेटाळले. हे डॉक्टर नोकर नाहीत हे ठरवताना जी कारणे विचारात घेतली गेली, त्यांत त्यांना पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार मिळत नाही हेही होते. करकायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. करारच तसे होते. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. करार रुग्णालय लिहिते, त्यात पीएफ ठेवायचा की नाही तेही रुग्णालय ठरवते, आणि उद्या वाद झाला तर पीएफ नसणे हाच तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक असल्याचा पुरावा होतो. बायोमेट्रिक हजेरी, ठरलेली वेळ, सुट्टीसाठी परवानगी, हे सगळे असूनही कागदावर ‘प्रोफेशनल फी’ लिहिले की म्हातारपणाची जबाबदारी पूर्णपणे डॉक्टरवर येते. पगारावर घेतले तरी सुटका होतेच असे नाही. 15 हजारांपेक्षा जास्त पगारावर पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला पीएफ देण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही.

बरे, रुग्णालय भरत नाही तर आपण भरू म्हटले, तर करप्रणाली तिथेही भेद करते. नव्या प्रणालीत पगारदाराच्या एनपीएस खात्यात मालकाने भरलेल्या रकमेवर मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते; मूळ पगार 9 लाख असेल तर 1 लाख 26 हजार रुपये. तेवढेच पैसे मानधनावरच्या डॉक्टरने स्वतःच्या एनपीएसमध्ये भरले तर वजावट शून्य. 80सी मधले दीड लाख आणि एनपीएसचे वरचे 50 हजार जुन्या प्रणालीतच राहिले. मग जुनी प्रणाली निवडा, असे कोणी म्हणेल. पगारदार ती दर वर्षी निवडू किंवा सोडू शकतो. पण पगारासोबत संध्याकाळची ओपीडी असली की ते व्यावसायिक उत्पन्न ठरते. एकदा जुन्या प्रणालीत गेलात तर नव्यात परत यायची संधी आयुष्यात एकदाच, आणि त्यानंतर व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुन्याकडे जाता येत नाही. चार पेशंट जास्त तपासले म्हणून निवडीचा हक्क का जावा, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप 44एडीए चा आहे. 50 लाखांपर्यंतच्या, रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंतच्या, जमेतली निम्मी रक्कमच उत्पन्न धरता येते. 20 लाख मानधन असेल आणि दुसरे काही उत्पन्न नसेल, तर 10 लाखांवर नव्या प्रणालीत 2025-26 या वर्षापासून कर शून्य, आणि कापलेला टीडीएस परतावा म्हणून मिळतो. हे पाहिले की पगारदार डॉक्टरनेच आमचा हेवा करावा, आणि माझाही राग इथे बराच उतरतो. फक्त मानधनावर जगणाऱ्या तरुण डॉक्टरला वजावटीची गरजही नाही, हे मी मान्य करतो. तरीही, सोडलेला तो निम्मा भाग खर्चासाठी आहे. गाळ्याचे भाडे, मदतनिसांचे पगार, सोनोग्राफी मशीनचा हप्ता, व्यावसायिक विम्याचा प्रीमियम त्यातूनच जातात. निवृत्तीसाठी त्यात जागा धरलेली नाही. आणि ज्याचा पगार आणि मानधन मिळून करपात्र रक्कम 20 लाखांच्या पुढे जाते, त्याला वजावटीने नक्कीच फरक पडतो.

कर वाचत नसेल तर माणूस बचत करणारच नाही का, असेही विचारले जाते. करतो, पण उशिरा करतो. स्पेशलायझेशन संपेपर्यंत तिशी उलटते, मग दवाखान्याचे कर्ज. पगारातून पीएफ न विचारता कापला जातो. आम्हाला निदान 31 मार्चची घाई तरी पीपीएफ भरायला लावत होती. नव्या प्रणालीने ती घाईही संपवली. पीपीएफचे व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्तच आहे, पण तेवढ्या कारणाने बँकेची पायरी चढणारे डॉक्टर मला कमी दिसतात.

म्हणून आयएमएच्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवली शाखांनी अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालयाकडे एवढे मागावे: नव्या प्रणालीत व्यावसायिक उत्पन्नावरही एनपीएसची वजावट, आणि प्रणाली दर वर्षी निवडायची मुभा. आणि नव्या डॉक्टरांनो, करारावर सही करण्याआधी पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम धरूनच मानधनाचा आकडा सांगा, कारण एकदा सही झाली की ती रक्कम तुम्हाला दुसरे कोणीही देणार नाही.