अर्धा सूर्य

फर्स्ट इयरला न्यूटन्स रिंग्ज करताना सोडियम लॅम्पखाली पार्टनरचा लाल शर्ट कधी बघितलाय? लाल राहतच नाही, मळकट काळा दिसतो. आपण रीडिंग्ज घेतो, जर्नल सबमिट करतो, विषय संपला.

ओलाफुर एलियासन या कलाकाराने तसल्याच, जवळपास एकाच तरंगलांबीच्या पिवळ्या प्रकाशाचा सूर्य केला. २००३ साली, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये. तिथला टर्बाइन हॉल म्हणजे जुन्या पॉवर स्टेशनचा खराखुरा टर्बाइन हॉल! (मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा.) अर्धवर्तुळाकार पडद्यामागे साधारण २०० दिवे, छतभर आरसा, हवेत धुकं. सूर्य अर्धाच, उरलेला अर्धा आरशातला. हॉलमधली माणसंसुद्धा फक्त पिवळी-काळी.

आणि ती माणसं चक्क जमिनीवर आडवी झाली! वर मुंगीएवढे दिसणारे आपण नेमके कुठले, हे शोधायला हातपाय हलवू लागली. काहींनी तर मिळून अंगांनीच अक्षरं बनवली. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांवर लोक येऊन गेले.

यात लपवलेलं काहीच नव्हतं. मागे गेलं की दिवे, वायरिंग सगळं दिसायचं. तरी पुढून सूर्यच!

मावशी म्हणते, "इंजिनिअर झालीस की चांदणंही लक्समध्ये मोजशील." हसण्यावारी नेते मी, पण भीती वाटतेच. ('विस्मय' हा शब्दच मला डिक्शनरीत बघावा लागला, कॉन्व्हेंटवाली ना!) परवा तिला याचे फोटो दाखवले. आधी मागचे दिवे, मग पुढचा सूर्य.

"थांब गं, पुढे नको सरकवू," म्हणाली.