दुधाचे खाडे

घराला रंग द्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे सौ.नं ठरवलं, मी नेहमीप्रमाणे खाली सही केली. मात्र "चौकटी मी सांभाळणार" असं बजावलं.

नगरमधलं आमचं घर जुनं, चौकटी सागवानी. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आई दुधाचे खाडे मांडायची. वहीवर तिचा विश्वास नव्हता. वही हरवते, चौकट कुठे जाणार? गवळी आला नाही की पेन्सिलीची एक उभी रेघ. महिनाअखेर हिशोब झाला की ओल्या फडक्यानं पाटी कोरी. शेवटच्या महिन्यातल्या चार रेघा मात्र पुसायच्या राहिल्या. आईच गेली. त्या गडबडीत गवळ्याला पैसेही पुऱ्या महिन्याचे दिले.

रंगारी म्हणाला, "साहेब, डिस्टेंपर आहे. शिंतोडा उडाला तर लगेच ओलं फडकं मारू." ओलं फडकं म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. मी तडक दुकानात जाऊन कागदी चिकटपट्टी आणली. ही पट्टी 1925 साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी काढली. मोटारीचं रक्षण करते, ती चार रेघांचं करणार नाही? बावीस वर्षं कॅश मोजलेल्या बोटांनी चौकट अशी गुंडाळली, की शेजारच्या काकूंनी "कुणाला लागलं का हो?" म्हणून विचारलं.

रंग झाला आणि रंगारी गावी लग्नाला गेला. "तो आल्यावर काढू" म्हणून मी पट्टी तशीच ठेवली. मे महिना. आठ दिवसांनी तो आला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "साहेब, रंग ओला असतानाच पट्टी काढायची, हळूहळू, तिरकी ओढून. उन्हाळ्यात राहिली की डिंक लाकूड धरतो."

पट्टी निघाली. खालचं लाकूड स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की रेघाही नव्हत्या.

मी चौकटीशी उभा राहिलो. बँकेत रुपया कमी पडला तर रात्री नऊपर्यंत शोधतो. इथे कुठलं व्हाउचर उलटायचं?

सौ.नं मात्र केरातली पट्टी उचलून उलटी केली. "अहो, हे बघा." डिंकाच्या बाजूला चार फिकट रेघा.

तो तुकडा आता माझ्या पासबुकात आहे. शिल्लक विशेष नाही. पण गवळ्याकडून चार दिवसांचे पैसे येणं आहे, त्याची नोंद पक्की आहे.