पाचारण

आमच्या महाड तालुक्यातील शिवथरघळीचे नाव निघाले की रामदासांची आख्यायिका आठवतेच : ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि ते बोहल्यावरून निघून गेले. धर्मभगिनी व्हावे असे मनात येऊ लागल्यापासून मला त्या एका शब्दाचा हेवा वाटतो. कॅथलिक चर्चची रीत संथ आहे. नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ, किमान १२ महिन्यांचा. मग निदान ३ वर्षे मुदतीची व्रते. आजन्म व्रते त्यानंतरच. मदर तेरेसांनी घर सोडले १९२८ साली. आजन्म व्रते घेतली १९३७ साली. हा विलंब मला अविश्वासाचा वाटत नाही. परत फिरण्याची मोकळीक त्यात आहे. आई मात्र पोलादपूरच्या आत्याने सुचविलेल्या स्थळाला काय कळवायचे, असे रोज विचारते.