भुसा आणि संशय

संशय एकदा मनात शिरला की त्याला पुराव्याची गरज उरत नाही. ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे वर्गात मुलांना सांगत आलो; परंतु ती स्वतःला शिकायला आम्हांला निवृत्तीनंतरची वर्षे आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीतला एक लेथ लागला.

निलंग्यात शाळेची नोकरी संपली तेव्हा हाताला काही काम असावे म्हणून आम्ही हा लाकूड कातण्याचा लेथ घेतला. एक अश्वशक्तीची तीन फेजची मोटर, आणि घरातल्या साध्या 230 व्होल्टच्या विजेवर ती चालावी म्हणून सोबत एक इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. एक छोटी कळ फिरवली की वेग हवा तसा कमीजास्त होतो. पोळपाट, लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, देव्हाऱ्याचे खांब अशी कामे मिळू लागली. मदतीला गल्लीतला एक मुलगा येई. शाळेत तो मागच्या बाकावरचा. पण लाकडाला हात लावला की त्याच्या बोटांना शहाणपण येई.

गेल्या पावसाळ्यात थोरली लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या बाळासाठी कातीव खांबांचा पाळणा करायचा, हे सौभाग्यवतींच्या मनात फार दिवसांपासून होते. लाकूडही ठरलेले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या माहेरचे माळवद कोसळले. दगडमातीच्या भिंती ढासळल्या. पण आतले सागवानी खांब आणि त्यांवरची एक तुळई उभी राहिली. त्या तुळईच्या आडोशाला आमच्या सासूबाई दिवस वर येईपर्यंत बसून होत्या आणि वाचल्या. शेजारच्या घरातले कोणी वाचले नाही. त्यातले दोन खांब आम्ही बैलगाडीतून आणून माळ्यावर ठेवले होते. तीस वर्षांत त्यांना कोणी करवत लावली नव्हती.

आणि नेमक्या त्याच कामात लेथ बिघडला. पहिला खांब फिरत असताना वेग आपोआप वाढे, आपोआप उतरे. पटाशी लाकडात रुतली आणि हातभर लांब ढलपी उडाली. संध्याकाळी तर ओझे येताच यंत्र थांबे आणि ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर काही अक्षरे उमटत. आदल्या दिवशी लेथ त्या मुलाच्या हाती होता. आम्ही त्याला विचारले, ‘‘काय केलंस तू याला?’’

‘‘सर, म्या काई केलं न्हाई. म्या तर तुमाला आधीच सांगितलं हुतं, बटन मधी आलं की गडबडतंय.’’

आम्हांला ते उलट उत्तर वाटले. ड्राइव्हचा बोर्ड जळला असणार, हजारो रुपयांचा फटका बसणार, आणि तो या पोरामुळे, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशीपासून त्याने येऊ नये, असे सांगितले. तो चपला पायात न घालता हातात घेऊन गेला.

रिकाम्या खोलीत बसलो असता जुन्या कातारी लोकांची पद्धत आठवली. त्या काळी एक जण लाकडाला गुंडाळलेली दोरी पुढेमागे ओढी, दुसरा हत्यार धरी. लाकूड कारागिराकडे फिरे तेव्हाच ते कापले जाई. उलट फिरे तेव्हा हत्यार मागे घ्यावे लागे. सावंतवाडीच्या लाखकामाची खेळणी पिढ्यान्‌पिढ्या अशाच हातलेथावर घडली. वेग कमीजास्त करणारी कळ म्हणजे दोरी ओढणाऱ्याचा हात. लाकूड कण्हले की तो हात आपसूक सैल पडे. यंत्रात त्या हाताची जागा कळीने घेतली. आणि आम्ही तर कळीचेही ऐकले नाही, हाताचेही नाही.

मग एकदाचे शांतपणे शोधायला बसलो. प्लग काढला आणि घड्याळ लावून दहा मिनिटे थांबलो. वीज तोडली तरी ड्राइव्हच्या पोटातल्या संधारित्रांत ती काही काळ जिवंत असते, आणि माणसाचा जीव घेण्याइतकी असते. नंतर कळीची जोडणी सोडवून मीटर लावला. कळ फिरवताना तिचा विरोध सावकाश, एकसारखा वाढायला हवा. तो मध्यावर येताच काटा वेड्यासारखा नाचू लागला. मुलगा म्हणाला होता तेच, अगदी त्याच जागी! कळीच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर बारीक भुसा बसून ती झिजली होती. तेवढा भाग थोडक्या रुपयांत लातूरला मिळाला आणि वेगाची चंचलता संपली. बोर्ड ठणठणीत होता.

संध्याकाळच्या थांबण्याचे कारण तर आमच्याच हातचे. पडद्यावरची अक्षरे ड्राइव्हच्या पुस्तिकेत शोधली, तर अर्थ निघाला ‘विजेचा दाब अपुरा’. यंत्र बिघडले नव्हते, ते स्वतःला सांभाळत होते. घरात दाब पाहिला तर 190 व्होल्ट. लेथपाशी ओझे आले की 170 च्याही खाली. संध्याकाळी साऱ्या गल्लीचा भार वाढतो हे खरे. परंतु घरापासून खोलीपर्यंत बारीक वायर आम्हीच ओढली होती आणि तिच्या प्लगचा एक पाय सैल होऊन काळा पडला होता. जाड वायर कायमची बसवून घेतली.

आणखी एक चूक उघडी पडली. पट्टा नेहमी वेगाच्या पुलीवर ठेवून आम्ही कळीनेच वेग उतरवत होतो. त्यामुळे मोटर मंद फिरे, तिची ताकद घटे, तिच्याच दांड्यावरचा पंखाही मंदावे आणि ती तापे. जड लाकडाला पट्टाच सावकाशीच्या पुलीवर घ्यायचा असतो. कळ केवळ शेवटच्या जुळवणीसाठी. इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान राहावा, असा सर्वसाधारण आडाखा आहे. म्हणजे चार इंची खांबाला 1500 ते 2250 फेरे, तेही तो गोल झाल्यावर. ओबडधोबड असताना याहून बरेच कमी.

शोध संपला तशी आमची झोप उडाली. सकाळी त्या मुलाच्या दारात गेलो. त्याची आई गडबडून उठली. आम्ही म्हणालो, ‘‘बसा बाई. चूक आमची झाली, तेवढं सांगायला आलोत.’’ मुलगा दाराआड होता. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने एवढेच विचारले, ‘‘बटनच हुतं न्हवं, सर?’’

‘‘बटनच होतं रे,’’ आम्ही म्हणालो. माफी मागायला याहून मोठे शब्द आम्हांला सापडले नाहीत.

आता दर शनिवारी आम्ही दोघे मिळून लेथ पुसतो. मोटरच्या खाचांतला भुसा ब्रशने काढतो. हवेच्या झोताने तो बेअरिंगमध्ये शिरतो म्हणून झोत मारत नाही. पट्ट्यावर चकाकी किंवा भेग आली का, पाहतो. लोखंडी पाटावर मेण चोळतो. स्पिंडल हाताने फिरवून कान देतो. बेअरिंग बिघडायच्या आधी कुरकुरते. जुने लाकूड लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवतो. त्या खांबांतून अकरा खिळे निघाले. शेवटचा त्या मुलाला सापडला. आम्हांला तो दिसलाच नव्हता.

पाळणा वेळेवर झाला. सासूबाई आता थकल्या आहेत, नजर अंधूक झाली आहे. त्यांनी खांबावरून हात फिरवला. वरच्या टोकाशी एक जुनी खाच आम्ही तशीच ठेवली होती; तिथे त्यांची बोटे थांबली.

‘‘हा आपल्या ओसरीचा,’’ त्या म्हणाल्या, आणि पाळण्याला हलकेच झोका दिला.