धरणाच्या काठी जेवण

दिवाळीच्या सुटीत आम्ही अकोल्याहून राजूरमार्गे एस.टी.ने शेंडीला गेलो. तेथे भंडारदरा धरण आहे. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली बांधून पूर्ण झाले. माझे मामा तेथे पाण्याच्या काठच्या एका हॉटेलात वाढपी आहेत. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावले होते.

खुर्चीवर बसल्या बसल्या सगळे पाणी दिसत होते. मला फार आनंद झाला. मामांनी नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आणला. मी म्हणालो, "हे तर आपण रोज घरी खातो!" मामा हसून म्हणाले, "अरे, मुंबईची माणसं हेच खायला इथवर येतात."

इतक्यात शेजारच्या टेबलावरचा एक माणूस चुटकी वाजवून मामांवर ओरडला, "ए, पाणी आण!" मामा घरी आले की आम्ही त्यांच्या पाया पडतो. मला कसंतरीच झालं. मी मान खाली घातली. आई मात्र उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "दादा, तू जेवलास का?" मामा म्हणाले, "आधी पाव्हण्यांचं होऊ दे." त्या माणसाने आमच्याकडे पाहिले. नंतर तो म्हणाला, "भाऊ, एक भाकरी द्या."

आम्ही थांबलो. चार वाजता मामा आमच्याजवळ जेवायला बसले. त्यांना पाणी मी दिले.

मित्रांनो, हॉटेलात गेलात तर वाढणाऱ्याला नीट हाक मारा. तो कुणाचा तरी मामा असतो.

– इयत्ता चौथी